पंधरा वर्षं उभी असलेली १९६५ ची सी-१०: काय उघडायचं, काय नाही आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६५ ची शेव्रोले सी-१० पिकअप, २३० घनइंचाचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंग कॉलमवर. पंधरा वर्षं छपराखाली उभी. कॅबचे मागचे खालचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा गंजलाय, हौद्यातल्या फळ्या कुजल्यात. सगळी गाडी चासीपर्यंत उतरवावी, आधी रंग करून घ्यावा, की नुसती चालू करून फिरवावी? सुट्टीच्या दिवशी चालवायची आहे, अधूनमधून थोडं सामान न्यायचं आहे, प्रदर्शनात ठेवायची नाही.

शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंय, पण उत्तर त्याच्यातच आहे. चालवायची गाडी असेल तर सगळी उतरवू नका. खोललेली पिकअप चारपट जागा खाते, सुटे भाग हरवतात, कुठला बोल्ट कुठला हे सहा महिन्यांनी आठवत नाही. अर्धवट विकल्या जाणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या खोललेल्या अवस्थेतच विकल्या जातात. तुमचा खरा प्रश्न क्रमाचा आहे. माझा क्रम असा: आधी सांगाडा तपासा, मग गाडी थांबेल अशी करा, मग धावेल अशी करा, एक हंगाम चालवा आणि त्यानंतर पत्रा आणि रंगाकडे वळा. चालवताना जे कळतं ते उभ्या गाडीभोवती फिरून कळत नाही. गिअरबॉक्स ओरडतो का, इंजिन तेल पितं का, डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला गिअरचा गोळा) घरघरतं का, हे कळल्याशिवाय रंगावर पैसे घालणं मला पटत नाही, कारण नंतर तोच रंग ओरबाडत इंजिन बाहेर काढावं लागतं.

या क्रमाला एकच अपवाद आहे: सांगाड्याचा गंज. म्हणून पहिला दिवस एक जाड स्क्रू-ड्रायव्हर, एक छोटी हातोडी आणि टॉर्च घेऊन गाडीखाली घालवा. १९६३ पासून या पिकअपला शिडीसारखी सरळ चासी आली (१९६० ते १९६२ ची वेगळी होती), त्यामुळे तपासणं सोपं आहे. स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला धरलाय तिथे तडे बघा. मागच्या एक्सलचे लांब दांडे जिथे आडव्या तुळईला जोडलेत तिथे चिखल साठून पत्रा आतून खातो, तिथे हातोडीने ठोका. घट्ट लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. चासीवरच्या ठरावीक भोकांपासून दोन्ही तिरपी अंतरं मोजा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडीला कधीतरी मोठा मार बसलाय असं समजा.

मग कॅब. कॅब चासीवर ज्या बसणींवर टेकते त्यांच्या भोवतीचा पत्रा, दाराच्या बिजागरीचा खांब तळाशी, आणि दाराखालची पेटी, या तीन जागा भार पेलतात. मागचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा वाईट दिसतात, पण ते पुढच्या वर्षी केले तरी चालतात. फरक ओळखायची एक चांगली युक्ती आहे. दार अर्धं उघडा आणि मागची कड दोन्ही हातांनी वर उचला. बिजागरीची पिन झिजली असेल तर हालचाल फक्त पिनेत दिसते, आणि पिन व बुश बदलून काम भागतं. पण दारासोबत खांबाचा पत्राच लवत असेल तर आत काही उरलेलं नाही. तशी अवस्था असेल तर माझं वरचं सगळं उत्तर बदलतं. आधी वेल्डिंग, बाकी सगळं नंतर. खांब आणि बसणी घट्ट निघाल्या असं धरून पुढे लिहितो.

इंजिन: घाई इथेच नडते

पंधरा वर्षं न फिरलेलं इंजिन पहिल्यांदा स्टार्टरने फिरवू नका. बॅटरी काढून ठेवा, सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारं तेल घाला आणि दोन दिवस वाट बघा. मग हाताने फिरवा. या सहा सिलिंडरच्या इंजिनांत पुढची पुली बरेचदा दाबून बसवलेली असते आणि तिच्या मधोमध पाना लावायला बोल्ट सापडत नाही. तेव्हा फ्लायव्हीलखालचं पत्र्याचं झाकण काढून दात्यांना मोठा स्क्रू-ड्रायव्हर लावून हलवा. दोन्ही दिशांना थोडं थोडं. पाच अंश हललं तरी काम झालं म्हणायचं, पुन्हा तेल, पुन्हा उद्या. आठ-पंधरा दिवसांनीही ढिम्म हललं नाही तर हेड उतरवा. गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणं हा उपाय नव्हे. त्यात पिस्टनची रिंग तुटते किंवा रॉड वाकतो, आणि जे काम हेडवर भागलं असतं ते पूर्ण इंजिनावर जातं.

इंजिन फिरलं तरी लगेच चावी मारू नका. वरचं झाकण काढा आणि कोणाला तरी हळूहळू फिरवायला सांगून बाराही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते बघा. उभ्या इंजिनात व्हॉल्व्हचा दांडा गाइडमध्ये चिकटतो, आणि चिकटलेल्या व्हॉल्व्हवर पुशरॉड (त्याला ढकलणारा दांडा) वाकतो. चिकटलेला दिसला तर दांड्यावर तेल सोडून प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच टकटक करा, सुटतो. याच वेळी आणखी एक तपासणी करून घ्या. या इंजिनात कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याला) साखळी नसते, दात्यांची चाकं असतात, आणि कॅमवरचं मोठं चाक बहुधा फायबरचं असतं. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं) झाकण काढून क्रँक किंचित पुढे-मागे हलवा आणि आतला फिरणारा रोटर किती उशिरा हलतो ते बघा. दहा अंशांच्या आसपास ढिलाई असेल तर ते चाक रस्त्यात दात सोडेल, तेव्हा आत्ताच बदला.

जुनं तेल काढा. फिल्टर धरून सुमारे ४.७ लिटर लागतं. तेल कोणतं, यावर खूप वाद होतात, म्हणून कारण सांगतो. या इंजिनाचे टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले ठोकळे) सपाट आहेत, कॅमच्या उंचवट्यावर घासत चालतात. त्या घासणीत धातू वाचवतं ते तेलातलं जस्त आणि फॉस्फरस. आजच्या गाड्यांसाठीच्या एपीआय एसपी (तेलाचा अमेरिकी दर्जा) असलेल्या पातळ तेलांत फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के आहे, ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी. तुमच्या गाडीला कन्व्हर्टर नाही. तेव्हा ०.१० ते ०.१२ टक्के फॉस्फरस असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं तेल घ्या. प्लग न बसवता, आता स्टार्टरने, दहा-दहा सेकंद फिरवत तेलाचा दाब येऊ द्या. गाडीतल्या काट्यावर भरवसा ठेवू नका, तात्पुरता यांत्रिक गेज लावा. दाब दिसला आणि वर रॉकरपाशी (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांपाशी) तेल आलं की मगच प्लग.

इंजिन गरम झाल्यावर सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजा. आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा: सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तीच्या पाऊणपट तरी हवा. पहिल्या दिवशीचा आकडा वाईट आला म्हणून खचू नका. रिंगा पंधरा वर्षं एकाच जागी बसलेल्या असतात, दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर बरेचदा सुधारतात. टॅपेट हायड्रॉलिक आहेत. टकटक थांबेपर्यंत रॉकरचा नट कसा, तिथून एक पूर्ण आटा सावकाश पुढे न्या, बस.

इग्निशन साधं आहे आणि साधंच राहू द्या. पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) फट नव्यांना ०.०१९ इंच, वापरलेल्यांना ०.०१६ इंच, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३१ ते ३४ अंश, प्लगची फट ०.०३५ इंच, क्रम १-५-३-६-२-४. पॉइंट सारखे जळत असतील तर कॉइलकडे येणारी वायर बघा. चालू इंजिनात तिथे पूर्ण १२ व्होल्ट यायचे नसतात, वाटेत रोध असलेली वायर असते. कोणीतरी कधीतरी ती तुटली म्हणून साधी वायर जोडलेली असते, आणि मग माणूस वर्षभर पॉइंट बदलत बसतो. पॉइंटना जोडलेला जुना कंडेन्सर चालत असेल तर फेकू नका, डब्यात ठेवा. नव्यांतले काही शंभर किलोमीटरात जातात.

एक अडचण जवळजवळ हमखास येईल. क्लच दाबूनही गिअर पडणार नाही, कारण क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असते. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी पेडल दाबलेल्या स्थितीत लाकडाने अडकवून दोन दिवस ठेवा. तेवढ्याने सुटलं नाही तर मागचा एक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) पक्का धरा, पुढची चाकं ठोकळ्यांनी अडवा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन चालू करा आणि क्लच दाबून ब्रेक मारा. पुढेमागे कोणी उभं राहू नये. बहुतेक प्लेटा दोन-चार झटक्यांत सुटतात. अर्थात हे करायला ब्रेक हवेत, म्हणून हे काम ब्रेकनंतर.

पेट्रोल

या गाडीची टाकी कॅबमध्येच, सीटच्या मागे असते. म्हणजे गळती झाली की वाफ थेट तुमच्याजवळ. टाकी बाहेर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुनं पेट्रोल उघड्यावर रिकामं करा, आत लाखेसारखा थर आणि गंज असेल तर धुऊन घ्या किंवा नवी टाकी बसवा. रिकाम्या टाकीवर वेल्डिंग किंवा ज्योत कधीही नाही, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची. तोंडाशी असलेलं रबर, भरायच्या नळीचे जोड आणि हवेची बारीक नळी सगळं नवं घाला. कॅबमध्ये पेट्रोलचा वास येतो अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा याच तीन रबरांत निघतं.

रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या हव्यात, एसएई जे-३० आर-९ या पेट्रोलच्या नळ्यांच्या दर्जाच्या. पंपही बदला. जुन्या पंपाचा पडदा आजच्या पेट्रोलमध्ये फुगतो आणि फाटला की पेट्रोल आतल्या बाजूने तेलात उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी आपोआप वाढली तर गाडी तिथेच थांबवा. पातळ झालेल्या तेलाने बेअरिंग जातात. या सहा सिलिंडरला साडेतीन ते साडेचार पीएसआय (चौरस इंचावर पौंड) एवढाच दाब लागतो. जोरदार इलेक्ट्रिक पंप लावला तर कार्बोरेटरमधली सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि ते वरून वाहतं. कार्बोरेटर एका बॅरलचा आहे, एका संध्याकाळी उघडून धुऊन गॅस्केट संच बसवता येतो.

शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीट झिजतात का? झिजतात, पण सतत भार घेऊन वेगात पळवणाऱ्या इंजिनात. सुट्टीच्या दिवशीच्या वापरासाठी केवळ एवढ्या कारणाने हेड उतरवू नका. कधी दुसऱ्या कामासाठी उतरलंच तर एक्झॉस्टच्या कडक सीट बसवून घ्या.

ब्रेक: इथे काटकसर नाही

गाडी स्वतःच्या ताकदीने एक मीटरही हलण्याआधी ब्रेकचं काम पूर्ण झालेलं हवं. तुमच्या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमध्ये ढकलणारा) एकाच कप्प्याचा आहे. कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन कप्प्यांचा सिलिंडर १९६७ पासून आला. तुमच्या गाडीत तो बसवणं हा मूळपणाला धरून नसलेला एकमेव बदल आहे जो मी प्रत्येकाला करायला सांगतो. बसवताना एका गोष्टीवर डोळा ठेवा: मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये पुशरॉडसाठी जे भोक असतं ते खोल हवं. बूस्टरच्या (ब्रेकला यंत्राची मदत असलेल्या) गाड्यांसाठीचा सिलिंडर दिसायला तसाच असतो, पण त्यातलं भोक उथळ असतं, आणि साध्या पेडलचा रॉड त्यातून निसटू शकतो. दुकानदाराला विचारू नका, स्वतः काडी घालून मोजा. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतील तर रेषेत सुमारे १० पीएसआयचा अवशिष्ट दाब राखणारा व्हॉल्व्ह आहे का तेही बघा. काही सिलिंडरांत तो आतच असतो. तो नसेल तर पहिलं पेडल खोल जातं आणि माणूस उगाच हवा काढत बसतो.

चारही व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) नवे घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पंधरा वर्षांत सिलिंडरच्या तळाशी खड्डे पडलेले असतात. रबर नवं घातलं तरी ते खड्ड्यांवर फाटतं. लोखंडी नळ्या बदलताना तांबे-निकेल मिश्रधातूच्या घ्या, वाकवायला सोप्या आणि न गंजणाऱ्या. साधी तांब्याची नळी नको, आणि दाबून बसणारे पाण्याच्या नळाचे जोड तर मुळीच नकोत. टोकं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे दोनदा दुमडून पसरवलेली. तीनही रबरी होज नवे, बाहेरून चांगले दिसले तरी. ते आतून सुजतात आणि झडपेसारखे वागतात, पाय उचलला तरी चाक धरलेलं राहतं.

ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या थरामध्ये) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. पाणी आणि साबणाने ओलं करून पुसा, कपडा पिशवीत बांधून टाका. ड्रमला खरडायची मर्यादा साधारणपणे मूळ व्यासापेक्षा ०.०६० इंच, त्यापुढे बदला. आणि बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक: प्रत्येक चाकातले दोन शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) सारखे नसतात. आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला, लांब लायनरचा मागच्या बाजूला. पुढचा शू ड्रमसोबत ओढला जाऊन मागच्याला ढकलतो, खरं काम मागचा करतो. उलट बसवले तर पेडल चांगलं लागतं, गाडी मात्र थांबत नाही, आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे दुसरं नमुना म्हणून समोर राहतं.

हवा काढताना मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. मग उभ्या गाडीत पेडल पूर्ण जोर लावून एक मिनिट धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय.

बाकीचं थोडक्यात

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही छान असली तरी बदला. चाकाला सहा बोल्ट, त्यांचं वर्तुळ साडेपाच इंचाचं. रेडियल घाला, जुन्या पद्धतीच्या तिरक्या धाग्यांच्या टायरवर गाडी रस्त्याच्या प्रत्येक रेघेमागे पळते. स्टिअरिंग ढिलं वाटलं म्हणून लगेच बॉक्सचा स्क्रू कसू नका. आधी टायरॉड, बॉल जॉइंट, मधला दांडा आणि बॉक्सचे चासीवरचे बोल्ट बघा. बॉक्स जास्त कसला तर वळणावर आवळतो आणि सरळ झाल्यावर मोकळा होत नाही.

कूलिंगमध्ये ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लग उघडाच. पाणी आलं नाही तर तार घाला, तिथे गाळ घट्ट बसलेला असतो. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट, नव्या होज, अर्धं पाणी अर्धं कूलंट. ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या टोप्यांवर गंजाचे डाग असतील तर आत्ताच बदला, रस्त्यावर बदलता येत नाहीत.

वायरिंगला सगळ्यात जास्त त्रास जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा. इंजिन ते चासी, इंजिन ते कॅब, दोन्ही जाड पट्ट्या नव्या, धातू घासून चकचकीत करून. निम्मे "इलेक्ट्रिकचे भुताटकीचे" दोष यातच जातात. हेडलाइटचा पूर्ण प्रवाह मूळ स्विचमधून जातो, तो गरम होतो. दोन रिले लावा, दिवेही उजळतात. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरी पूर्ण तोडणारा स्विच बसवा. कॅबमध्ये टाकी असलेल्या गाडीत तो चैनीचा भाग नाही.

गिअरबॉक्सला जीएल-४ तेल, डिफरन्शियलला जीएल-५ (हे गिअर तेलाचे दर्जे). अदलाबदल नको, जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खातात.

इथपर्यंतचा क्रम एकदा पुन्हा: सांगाडा, हाताने फिरवलेलं इंजिन, पूर्ण ब्रेक, टाकी आणि नळ्या, अर्थिंग, टायर. यात किती दिवस जातील ते तुमच्याकडे झाकलेली जागा किती, आठवड्याला किती तास मिळतात आणि भाग किती लवकर हाती येतात यावर आहे. पण यातली एकही गोष्ट रंगासाठी पुढे ढकलायची नाही.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिली फेरी पाच किलोमीटरची, घराजवळ. परत येऊन चारही ड्रमना हात लावा. एक जास्त गरम असेल तर शू घासतोय किंवा होज आतून बंद झालाय. दुसरी फेरी वीस, तिसरी ऐंशी. ऐंशीनंतर चाकांचे नट पुन्हा कसा. एका वहीत तेल किती घातलं, पाण्याची पातळी, कुठून काय आवाज, सगळं लिहा. इंटेक आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड या इंजिनात एकाच बाजूला एकत्र बसलेले असतात आणि त्यांचं गॅस्केट सुटणं हा ठरलेला आजार आहे. थंड असताना टिकटिक, गरम झाल्यावर कमी, आणि आयडल खालीवर होणं, ही त्याची खूण. बोल्ट मधल्याकडून बाहेर असे कसत जा.

मोठ्या रस्त्यावर किती वेगाने जायचं, तर आधी मागच्या एक्सलचं गुणोत्तर शोधा. गिअर न्यूट्रलमध्ये, एकच मागचं चाक उचला, ते दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. पावणेचार फेरे म्हणजे ३.७३. अठ्ठावीस इंच व्यासाच्या टायरवर ताशी १०० किलोमीटरला ३.७३ मध्ये इंजिन २,७८० फेऱ्यांवर असतं, ४.११ असेल तर ३,०७० वर. हे इंजिन तिथे चालतं, पण तासभर तसं चालवायला ते बनलेलं नाही. ताशी ८० ला ते मजेत असतं, आणि ड्रम ब्रेकही. पावसात रिकाम्या हौद्याची पिकअप मागून हलकी असते, वळणावर ब्रेक मारला तर मागचा भाग आधी सुटतो, तेव्हा ब्रेक वळणाच्या आधी. सीटबेल्ट बसवताना पत्र्याखाली किमान तीन मिलिमीटरची रुंद पट्टी द्या. गंजलेल्या जमिनीत नुसता बोल्ट मारला तर तो धक्क्यात पत्रा फाडून निघतो.

पत्रा, रंग आणि हौदा

एक हंगाम चालवून झाल्यावर पत्र्याचं काम घ्या. कॅब चासीवर असतानाच, दारं बसवलेली ठेवून, एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापल्या तर कॅब लवते आणि नंतर दार बंद होत नाही. दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी आधार आधी टाचा. सीट, टाकी, बॅटरी बाहेर. सुमारे एक मिलिमीटरच्या पत्र्याला ०.६ मिलिमीटरची वेल्डिंगची तार, ठिपक्याठिपक्यांनी, तीन सेंटिमीटर सोडून सोडून. एक सलग रेघ ओढली की पत्रा लाटांसारखा होतो. चांगला धातू लागेपर्यंत कापा, गंजावर तुकडा चिकटवू नका, दोन पावसाळ्यांत तो सुटा होतो. आतल्या पोकळीत शेवटी मेण फवारा आणि तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. मुळात हे कोपरे गंजले ते याच बुजलेल्या भोकांमुळे.

रंगाचं तुमच्या आवडीवर आहे. जुना, उन्हाने विरलेला रंग शिल्लक असेल तर मी तो ठेवायच्या बाजूचा आहे. धुवा, पॉलिश करा, मेण लावा. गंजावर पारदर्शक लाखेचा थर मात्र नको. खाली ओल अडकते आणि दोन वर्षांत साल निघते. पूर्ण रंग करायचाच असेल तर जुन्या थरात शिसं असतं हे धरून कोरडं घासू नका. उघड्या धातूवर एपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्यावर आणि तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. दोन घटकांच्या रंगातलं हार्डनर फुप्फुसांना कायमचं इजा करतं, त्याला बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा लागतो, साधा फिल्टर पुरत नाही. ती सोय नसेल तर फवारणी दुसऱ्याकडे द्या, तयारी तुम्ही करा.

हौद्याच्या फळ्या हे या गाडीतलं सगळ्यात समाधानाचं काम. सुमारे दोन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या, मधे लोखंडी पट्ट्या. बसवण्याआधी सहाही बाजूंना आणि प्रत्येक भोकाच्या आत तेल किंवा वॉर्निश मुरू द्या. वरून चमकणारी आणि खालून कोरी फळी खालूनच कुजते. ओक वापरणार असाल तर बोल्ट स्टेनलेसचे, कारण ओकमधलं टॅनिन साध्या लोखंडाला काळं करतं आणि डाग फळीभर पसरतो. फळ्यांत दोन-तीन मिलिमीटर फुगायला जागा ठेवा.

सामान नेण्याबद्दल: भार मागच्या एक्सलच्या किंचित पुढे ठेवा, फाळक्याला टेकवून नको. एक्सलच्या मागे भार गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. जाण्याआधी मागच्या टायरमध्ये हवा वाढवा आणि उतरवल्यावर तेवढीच कमी करा. गाडी दर दोन-तीन आठवड्यांनी किमान तीस किलोमीटर चालवा, म्हणजे तेल पुरतं तापून आतली ओल उडते. नुसती दहा मिनिटं उभ्या जागी चालू ठेवली तर उलट पाणी साचतं. सीटखाली पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट आणि पेट्रोल फिल्टर असू द्या, आणि दोन किलोचं पावडरचं अग्निशामक काढता येईल असं सीटच्या पुढच्या कडेला बांधलेलं असू द्या.